सव्वा किलोची शिवी

२ सप्टेंबर

ऑफिसातली जुनी तक्रारवही घरी आणली. अर्धी कोरी होती. रकाने आखलेलेच आहेत : तारीख, वेळ, तक्रार, उपाय. माणसाला आणखी काय लागतं? लिफ्ट कंपनीच्या तक्रार विभागात सव्वीस वर्षं काढली. घर त्याच शिस्तीने चालवता आलं नाही तर अनुभवाचा उपयोग काय.

तक्रार : बाबा. वय एक्क्याऐंशी, निवृत्त मुख्याध्यापक. जूनमध्ये अर्धांगाचा झटका. उजवी बाजू गेली. बोलणंही गेलं. एकच शब्द उरला, आणि ती शिवी आहे.

उपाय : नंतर लिहू.

३ सप्टेंबर, सकाळी ७

तो शब्द इथे लिहिणार नाही. भ ने सुरू होतो, एवढं पुरे. बाबा तो चमच्याला म्हणतात, उशीला म्हणतात, डॉक्टरांना म्हणाले. काल खिडकीत बसलेल्या कबुतराला म्हणाले. हाच तो माणूस. मी नऊ वर्षांचा असताना एकदा 'च्यायला' म्हणालो, तर तोंडात पाण्याची चूळ धरून अर्धा तास भिंतीशी उभं केलं होतं. गिळायचं नाही, थुंकायचं नाही. तेव्हापासून माझ्या तोंडून शिवी गेलेली नाही. लिफ्टमध्ये अडकलेली तीस-चाळीस माणसं रोज फोनवर माझा उद्धार करतात, आणि मी 'आपली गैरसोय समजू शकतो' म्हणतो. साहेबांनी एकदा सगळ्यांसमोर माझ्या संयमाचं कौतुक केलं होतं. २०११ साली.

खरं सांगायचं तर बाबा मला तो शब्द म्हणतात तेव्हा मला वाईट वाटत नाही. बावन्न वर्षांत ते माझ्याशी एवढं कधी बोलले नव्हते.

७ सप्टेंबर, रविवार

ताईचा फोन. ताई दुसऱ्या शहरात राहते आणि आमचे निर्णय तिथून घेते. तिचं आणि हिचं परस्पर ठरलेलं दिसतंय. बाबांना शुश्रूषा केंद्रात ठेवायचं. कारण काय, तर हिची कंबर. दिवसातून सात-आठ वेळा बाबांना उठवावं लागतं आणि मी तेव्हा ऑफिसात असतो. मग नोकरी सोडू का, असं मी विचारलं. ही म्हणाली, रविवारी कुठे असता?

मी ताईला ठामपणे सांगितलं की बाबा चालतील. तिने विचारलं, कधी? मी म्हणालो, ३१ ऑक्टोबर. तारीख कुठून आली माहीत नाही. ऑफिसात आम्ही सगळ्यांना महिनाअखेरच सांगतो. ताईने ती लगेच पकडली. म्हणाली, पलंगापासून संडासापर्यंत, काठी घेऊन, पण कुणी हात न लावता. आठवडाभर आधी मी स्वतः येऊन बघणार. नाहीतर एक तारखेला गाडी बोलावते.

अंतर मोजलं. बारा पावलं. चोपन्न दिवस आहेत. साडेचार दिवसांना एक पाऊल पडतं. हसत हसत होईल.

९ सप्टेंबर

आजपासून पहाटे साडेपाचला उठून बाबांकडून व्यायाम करून घ्यायचा. निश्चय.

१० सप्टेंबर

उद्यापासून.

१४ सप्टेंबर, रविवार, दुपार

आज जे सापडलं त्याने सगळं बदलणार. पुरवणीतला लेख. परदेशातल्या शास्त्रज्ञांनी प्रयोग केले. माणसांना बर्फाच्या पाण्यात हात बुडवायला लावला. शिवी देत राहिलं तर हात बराच जास्त वेळ ठेवता येतो. वेदना कमी लागते. एवढंच नाही, शिवी देताना मुठीची पकडही वाढते! तुलनेसाठी त्याच माणसांना एक साधा शब्द म्हणायला लावतात, टेबलाचं वर्णन करणारा वगैरे. त्या शब्दाने काही होत नाही.

लेखाचा खालचा अर्धा भाग हिने कपाटाच्या खणात अंथरला होता. मुद्दा कळला होता, म्हणून शोधला नाही.

म्हणजे बाबांकडे बोलणं उरलेलं नाही, इंधन उरलेलं आहे! डॉक्टर, फिजिओ बाई, ताई, सगळे त्या शब्दाकडे लाज वाटल्यासारखे बघतात. एकालाही सुचलं नाही. मला सुचलं.

१५ सप्टेंबर

फिजिओ बाई आल्या. आठवड्यातून तीनदा येतात, वयाने माझ्या मुलीसारख्या, बोलणं सासूसारखं. त्यांना सिद्धांत समजावला. त्या म्हणाल्या, काका, शिव्या मेंदूच्या वेगळ्या कप्प्यात असतात, म्हणून कधी कधी तेवढ्याच वाचतात. ते ताकदीचं लक्षण नाही. तुम्ही रोज दोनदा पाय हलवून घेताय ना? मी विषय बदलला. तरुण मुलांना नवीन कल्पना लवकर पचत नाहीत.

१६ सप्टेंबर, रात्री ८

पहिला प्रयोग स्वतःवर. बादलीत बर्फ, हातात घड्याळ. मला खरी शिवी देता येत नाही, त्यामुळे 'गाढवा', 'नालायका' आणि शेवटी मोठ्या धाडसाने 'मूर्खा' वापरलं.

शिव्या देत : ३८ सेकंद.
'टेबल, टेबल' म्हणत : ५५ सेकंद.

घड्याळात बिघाड असावा. ही मध्येच डोकावून म्हणाली, झालं की बादली द्या, फरशी पुसायची आहे.

१७ सप्टेंबर

प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा माळ्यावरून काढला. एक टोक पलंगाच्या कठड्याला बांधलं, दुसऱ्या टोकाला टॉवेलचा फास करून बाबांच्या डाव्या हातात दिला. ओढा म्हटलं.

साधा शब्द बाबांना म्हणता येत नाही, म्हणून त्यांच्या वतीने मी त्यांच्या कानाशी 'टेबल, टेबल, टेबल' म्हणालो. अडीच किलो.

मग काट्याचा हूक चुकून त्यांच्या बोटाला लागला. बाबांनी तो शब्द म्हटला. पावणेचार किलो!

सव्वा किलोचा फरक. म्हणजे एका शिवीचं वजन सव्वा किलो भरलं. मी अंगणभर नाचलो असतो, पण आमच्याकडे अंगण नाही. जिन्यात गेलो आणि परत आलो.

१९ सप्टेंबर

अडचण. बाबा हुकमावर शिवी देत नाहीत. राग आला तरच येते. रोज हूक लावणं मला बरं वाटत नाही. मी काही राक्षस नाही.

२० सप्टेंबर

राग आणण्याचे उपाय करून बघितले. गार चहा : परिणाम नाही, मुकाट प्यायले. पंखा बंद : नाही. शाळेच्या निरोप समारंभाचा फोटो भिंतीवर उलटा लावला : बघत राहिले. मग बराच वेळ मान तिरकी करून बघत राहिले. सरळ केला.

२२ सप्टेंबर, संध्याकाळी ६.४०

सापडलं!! बाबांच्या शेजारी बसून सहज सातचा पाढा म्हणत होतो. सात सक बेचाळीस, सात साती एकोणपन्नास, सात आठे चोपन्न.

डोळे उघडले. तो शब्द आला. साडेचार किलो!

मी मुद्दाम चुकलो असं नाही. चोपन्न-छप्पन्नमध्ये माझा लहानपणापासून घोळ आहे. चौथीत त्यावरून वर्गासमोर उभं केलं होतं, आणि वर्ग त्यांचाच होता. पण आज त्या घोळाचं सोनं झालं. माणसाच्या आयुष्यात काही वाया जात नाही म्हणतात ते खरं असावं.

२३ सप्टेंबर

वेळापत्रक केलं. सकाळी वीस ओढी, संध्याकाळी वीस. प्रत्येक शिवीच्या ओढीआधी एक 'टेबल'ची ओढ, कारण तुलना हवी, नाहीतर कुणीही उठून म्हणेल की हे शास्त्र नाही. सकाळी ऑफिसची घाई असते, म्हणून सकाळचं सत्र हिने घ्यावं असं सुचवलं. हिने पातेलं जरा जोरात ठेवलं.

२७ सप्टेंबर

पाच किलो!!! 'नऊ साते एकसष्ट'वर. ताईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, चालले का? मी म्हणालो, पाच किलो. ती म्हणाली, अरे, चालले का? काही लोकांना आकड्यांची भाषा कळत नाही.

२९ सप्टेंबर

बाबा उभे राहिले! डाव्या हातात चार पायांची काठी, उजवीकडून फिजिओ बाईंनी धरलेलं, मागून हिने. मी पुढून पाढा म्हणत होतो. 'आठ नव्वे शहात्तर' म्हटल्याबरोबर उठले. अकरा सेकंद. फिजिओ बाई म्हणाल्या, गेल्या सोमवारी पाढ्याशिवाय चौदा सेकंद उभे होते. त्या दिवशी मी नव्हतो, त्यामुळे ते धरता येत नाही.

३ ऑक्टोबर

ऑफिसात थोडा गैरसमज झाला. दुपारी फोन आला. एक बाई सातव्या आणि आठव्या मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या, श्वास लागलेला, रडत होत्या. मिस्त्री पोचायला वीस मिनिटं होती. मी म्हणालो, बाई, घाबरू नका, मनात येईल ती शिवी मोठ्याने द्या, ताकद येते. त्या गप्प झाल्या. मला वाटलं गुण आला. मी उत्तेजन म्हणून म्हणालो, लाजू नका, इथे आपण दोघंच आहोत.

त्यांचे यजमान साहेबांचे ओळखीचे निघाले.

४ ऑक्टोबर

मेमो मिळाला. फोनवरून काढून जुन्या फायलींच्या खोलीत बसवलं आहे. एकांत आहे. संशोधनाला पोषक. साहेबांनी बहुधा सगळा विचार करूनच केलं असावं.

६ ऑक्टोबर

फायलींच्या खोलीत मोठे मिस्त्री चहाला येतात. चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतायत. वीज गेली की वरच्या खोलीतलं चाक हाताने फिरवून लिफ्ट मजल्याला आणतात, आणि फिरवताना असं काही बोलतात की चाकाला लाज वाटावी. त्यांच्याकडून पुष्टी मिळणार याची खात्री होती. विचारलं, शिवी दिली की चाक हलकं लागतं ना? ते म्हणाले, कुणाला ठाऊक, मी देतो हे मला आता तुमच्याकडून कळतंय.

मग त्यांनी डावा हात दाखवला. करंगळी अर्धी आहे. दोराखाली सापडली होती. तेव्हा कोणती शिवी दिलीत, मी विचारलं. वहीही काढली. ते म्हणाले, शिवी कसली भाऊ, 'आई गं' म्हणालो.

एकच उदाहरण. शास्त्रात चालत नाही. लिहिलं नाही. म्हणजे इथे लिहिलं, किलोंच्या तक्त्यात नाही.

९ ऑक्टोबर

दोन पावलं! उरलेली दहा. दिवस बावीस. म्हणजे आता एका पावलाला अडीच दिवसही मिळत नाहीत. वेग वाढवावा लागेल. ओढी वीसच्या तीस केल्या.

१० ऑक्टोबर

चार किलो. काटा ओला झाला असावा.

१२ ऑक्टोबर, रविवार

साडेतीन किलो. 'सात आठे चोपन्न'ला आता तो शब्द येतो, पण अगदी हळू. दार लोटल्यासारखा. मी 'सात आठे पन्नास' केलं. मग 'सात आठे सत्तर'. मग 'सात आठे सात'. बाबा माझ्याकडे बघत राहिले. त्या नजरेत राग नव्हता. चौथीच्या वर्गात मी शेवटी रडायला लागलो तेव्हा त्यांनी असंच बघितलं होतं, आणि 'बस खाली' म्हणाले होते.

डोळ्यांत पाणी होतं. त्यांच्या. खोलीत धूळ फार झाली आहे, हिला सांगितलं पाहिजे.

१३ ऑक्टोबर

हातरुमाल शोधताना कपाटाच्या खणात तो लेखाचा खालचा अर्धा भाग दिसला. उभ्या उभ्या वाचला.

"मात्र ज्यांना रोज शिव्या देण्याची सवय असते, त्यांच्यावर हा परिणाम कमी होत जातो."

शाई फिकट आहे. 'कमी'च्या जागी दुसरंही काही असू शकेल. खण बंद केला.

१४ ऑक्टोबर

ऑफिसात हिशेब केला. दिवसाला साठ, वीस दिवस. सुरुवातीला चाळीस होत्या, सकाळी बऱ्याचदा बुडलं, ते सगळं वजा केलं तरी सातशेच्या वर शिव्या मी बाबांकडून काढून घेतल्या. एक्क्याऐंशी वर्षं जपून ठेवलेली शिवी. एकदाही न वापरलेली.

पण हे एका अर्धवट लेखावरून ठरवणं बरोबर नाही. (लेख आता पूर्ण आहे. तरी.)

१५ ऑक्टोबर

एक आठवडा पूर्ण विश्रांती. शिवी साठू द्यायची. फक्त 'टेबल'च्या ओढी चालू ठेवल्या, हाताची सवय जाऊ नये म्हणून. सकाळी तीस, संध्याकाळी तीस. साधा शब्द आहे, त्याने काही होत नाही.

२० ऑक्टोबर

आज बाबा दिवसभर काहीच बोलले नाहीत. चमच्यालाही नाही. साठतेय.

२५ ऑक्टोबर, शनिवार, रात्री १०

ताई आली. उद्या सकाळी दहा वाजता प्रात्यक्षिक. मी तिला तक्ता दाखवला. तिने चष्मा लावला, काढला. जेवताना तिने आणि हिने एकमेकींकडे दोनदा बघितलं. बघू दे. उद्या दहाला कळेल.

मला झोप येत नाही. बाबांच्या खोलीत जाऊन त्यांच्या कानाशी म्हणालो, बाबा, उद्या एकदाच. मनापासून द्या. माझ्या नावाने द्या. त्यांनी डोळे मिटलेलेच ठेवले, पण माझा अंगठा धरला. पकड चांगली होती. काटा जवळ नव्हता.

२६ ऑक्टोबर, रविवार, संध्याकाळ

क्रमाने लिहितो.

दहा वाजता बाबांना उभं केलं. काठी दिली. हात सोडले. मी संडासाच्या दाराशी उभा राहिलो, म्हणजे बाबांना समोर दिसेन. म्हणालो, सात आठे चोपन्न. काही नाही. दोन पावलं मात्र टाकली. मी जोरात म्हणालो, सात आठे चोपन्न! बाबा थांबले. पाय थरथरायला लागला. मी ओरडलो. नऊ साते एकसष्ट, आठ नव्वे शहात्तर, दोन दुणे पाच, बाबा, दोन दुणे पाच! ताई म्हणाली, अरे, काय करतोयस, बंद कर. मी बंद केलं नाही. आणखी एक पाऊल पडेल असं वाटत होतं.

पाऊल पडलं नाही. बाबा पडायला लागले. ताई लांब होती, मी समोर होतो आणि मला हलता आलं नाही. ही धावली. हिने बाबांना काखेखालून धरलं, पूर्ण वजन अंगावर घेतलं, माझ्याकडे बघितलं आणि तो शब्द म्हणाली. तोच. भ चा. मला. सत्तावीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. आणि बासष्ट किलोचा माणूस एकटीने उचलून पलंगावर नेऊन ठेवला.

म्हणजे सिद्धांत बरोबर होता. फक्त माणूस चुकला.

हे मी ताईला सांगितलं. नको होतं सांगायला.

२७ ऑक्टोबर

ही सकाळी पलंगावरून उठू शकली नाही. डॉक्टर म्हणाले, कमरेचा मणका सरकलाय, सहा आठवडे झोपून. काल शिवी दिली तेव्हा दुखलं नाही का, मी विचारलं. ही भिंतीकडे तोंड करून म्हणाली, तेव्हा नाही दुखलं. आता दुखतंय.

वेदना पुढे ढकलली जाते. लेखात हे नव्हतं. दोन्ही अर्ध्यांत नव्हतं.

१ नोव्हेंबर

गाडी आली. बाबांना चाकाच्या खुर्चीतून खाली नेलं. आमच्या इमारतीची लिफ्ट आमच्याच कंपनीची. बंद होती. तक्रार विभागाला फोन लावला. नवीन मुलगा आहे, म्हणाला, आपली गैरसोय समजू शकतो. तीन मजले दोन माणसांनी खुर्ची उचलून नेली. मी पुढे राहून 'सांभाळून, सांभाळून' म्हणत होतो.

केंद्र स्वच्छ आहे. चार खाटांची खोली, खिडकीतून पार्किंग दिसतं. बाबांच्या खाटेशी चाकांचं छोटं टेबल आहे, जेवणाचं. निघताना मी म्हणालो, येतो बाबा. मला वाटलं होतं की तो शब्द म्हणतील. निरोप म्हणून तरी. मी दारात जरा वेळ थांबलो.

९ नोव्हेंबर, रविवार

बाबा गप्प. तिथली परिचारिका म्हणाली, फार शांत आजोबा आहेत, काही त्रास नाही. मी म्हणालो, ते शांत नाहीत. तिला कौतुक वाटलं असावं, हसली.

घरी हिचं जेवण मी करतो. भात मऊ होतो. ही खाते. बोलत नाही.

१२ नोव्हेंबर

फोन आला. मेंदूत आणखी एक लहान झटका. डॉक्टर म्हणाले, या वयात होतं, कुणाचा दोष नाही. दोनदा म्हणाले. मी विचारलेलं नसताना.

मी म्हणालो, डॉक्टर, एखादा शब्द वापरून वापरून संपतो का? ते म्हणाले, म्हणजे? मी म्हणालो, काही नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

काटा पिशवीत घालून नेला. कुणी नाही असं बघून टॉवेल बाबांच्या हातात दिला. शून्य. मी हलकेच म्हणालो, सात आठे चोपन्न. बाबांनी छताकडे बघितलं. मग मी म्हणालो, सात आठे छप्पन्न, बाबा. छप्पन्न. मला येतं. पहिल्यापासून येत होतं असं समजा.

शून्य.

बाबा, एकदा भडव्या म्हणा. असं म्हणालो. ऐकू येईल इतक्या मोठ्याने. शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांनी मान वळवली. आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द माझ्या तोंडून गेला, आणि आता लिहिलाही. काही झालं नाही. चूळ धरायला कुणी सांगितलं नाही. जे दुखत होतं ते तेवढंच दुखतं.

काटा परत येताना बसमध्ये राहिला.

२३ नोव्हेंबर, रविवार

परिचारिका दारातच म्हणाली, तुमचे वडील बोलायला लागले! मी जवळजवळ पळत गेलो. तिने सांगितलं, परवापासून एक शब्द अगदी स्पष्ट म्हणतात, आम्हाला सगळ्यांना बरं वाटलं.

बाबा झोपले होते. अर्धा तास बसलो. कोणता शब्द, ते मी विचारलं नाही. मला माहीत होतं कोणता. ताईला फोन करून सांगितलं, बोलणं परत येतंय. हिलाही सांगितलं. ही पहिल्यांदा माझ्याकडे वळून म्हणाली, खरंच? पुढच्या रविवारी काटा नवा घ्यावा का, विचार चालू आहे. लहान प्रमाणात. दिवसाला पाचच ओढी. जपून.

३० नोव्हेंबर, रविवार

काटा घेतला नाही, दुकान बंद होतं.

मी गेलो तेव्हा दोन सेवक बाबांची कूस बदलत होते. पाठीला आणि खुब्याला जखमा झाल्यात, पडून पडून. एकाने खांदा धरला, एकाने पाय. वळवताना बाबांचा चेहरा सगळा गोळा झाला, डावी मूठ आवळली गेली, आणि ते म्हणाले, "टेबल."

स्पष्ट. माझ्याच सुरात, माझ्याच घाईत. जखमेवरचं कापड काढलं तेव्हा, "टेबल, टेबल." औषध लावलं तेव्हा, "टेबल, टेबल, टेबल." डोळ्यांतून पाणी.

साधा शब्द आहे. त्याने काही होत नाही.

एक सेवक मला म्हणाला, काका, आठवडाभर हेच मागतायत. आजोबांना टेबल हवंय का जवळ?

मी हो म्हणालो. त्याने टेबल खाटेला लावून दिलं.